बीआयएस केअर अ‍ॅप : सोन्यासाठी घेतले, हेल्मेटसाठी कामी आले

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलीसाठी कानातले घ्यायला आम्ही जळगावच्या सराफ बाजारात गेलो होतो. पैसे मोजण्याआधी आमच्या सौभाग्यवतींनी दुकानदाराकडून भिंग मागून घेतले, कानातल्याच्या दांडीवर कोरलेला सहा अक्षरांकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख-क्रमांक, वाचला आणि तो मोबाइलवरील भारतीय मानक ब्यूरोच्या (बीआयएस) 'बीआयएस केअर' या अ‍ॅपमध्ये टाकून पाहिला. दागिन्याचा प्रकार, त्याची शुद्धता, हॉलमार्क कोणत्या केंद्रात झाला आणि सराफाची नोंदणी कोणती, हे सगळे समोर आले, तेव्हा कुठे त्यांनी पर्स उघडली. सराफालाही यात काही वावगे वाटले नाही. सोन्याच्या व्यवहारावर नाव कमावलेल्या या गावात गिऱ्हाईक भिंग मागणारच, हे त्याने गृहीत धरलेले असते. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांकांचा हा क्रमांक नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही, आणि खानदेशातील गृहिणींनी हा नियम सरकारी जाहिरातींच्याही आधी तोंडपाठ केला असावा, असा माझा तर्क आहे.

त्याच अ‍ॅपवर हेल्मेटचीही शहानिशा करता येते, हे मात्र आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. ते कळले हेल्मेट फुटल्यावर, आणि तेही डोक्यावर नसताना.

दोन वर्षांपूर्वी धुळ्याहून परतताना पारोळ्याच्या अलीकडे महामार्गाच्या कडेला दोरीवर टांगलेल्या हेल्मेटांपैकी एक मी साडेतीनशे रुपयांना घेतले होते. पावती मागितली तेव्हा विक्रेत्याने हसून "पावती काय करनी शे, भाऊ? माल एक नंबर शे" असे उत्तर दिले आणि मीही हसून पुढे निघालो. मुलगी आता रोज स्कूटरने बांभोरीच्या पुलावरून विद्यापीठात जाते आणि तेच हेल्मेट वापरत होती. मागच्या महिन्यात औषधाच्या दुकानासमोर ते स्कूटरच्या सीटवरून फरशीवर पडले. उंची फार तर अडीच फूट असेल. पण कवच कानाच्या जागेपासून वरपर्यंत उभे तडकले. घरी आणून आतले कापड उचकटले, तर टीव्हीच्या खोक्यात असतो तसला, बोटाने दाबताच गोळ्या सुटणारा पातळ थर्माकोल निघाला, आणि तोही कपाळाच्या बाजूला होता, मागे नव्हताच. मागील बाजूला 'आयएसआय' असे लिहिलेला सोनेरी कागद होता, तो नखाने सहज निघून आला. त्यावर कसलाही क्रमांक नव्हता.

नवे हेल्मेट घेताना सौभाग्यवतींनीच सुचवले की, सोन्याला जशी खूण असते तशी यालाही असेल. तशी ती असते. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, हेल्मेटच्या बाबतीत आयएस ४१५१, आणि चिन्हाच्या खाली 'सीएम/एल' या अक्षरांनंतर कारखान्याच्या परवान्याचा क्रमांक असतो. अ‍ॅपमधील परवाना पडताळणीच्या विभागात हा क्रमांक टाकला की उत्पादकाचे नाव व पत्ता, परवान्याची मुदत, तो चालू आहे की संपला आहे आणि त्या परवान्याखाली कोणकोणत्या ब्रँडची नावे नोंदलेली आहेत, हे दिसते. जुलै २०२० मध्ये सुरू झालेले हे अ‍ॅप विनामूल्य आहे आणि नुसत्या पडताळणीसाठी दुकानात उभ्या उभ्या अर्धा मिनिट पुरते. मांडणी काहीशी सरकारी आहे, म्हणजे हवे ते बटण कोणते हे पहिल्या वेळी शोधावे लागते. दुसऱ्या वेळी हात आपोआप तिकडे जातो.

जळगावातील ज्या दुकानात आम्ही पहिल्यांदा गेलो, त्याचे नाव येथे देत नाही. तेथे नऊशे रुपयांचे, दिसायला देखणे, गडद निळे हेल्मेट मुलीला आवडले. चिन्ह होते, मानकाचा क्रमांक होता, परवान्याचाही होता. दुकानात गर्दी असल्याने पडताळणी घरी जाऊन केली, आणि ही चूक माझी. परवाना चालू असल्याचे अ‍ॅपने दाखवले, तेव्हा मी निश्चिंत होऊन मोबाइल ठेवणार होतो. पण मुलीने ब्रँडची यादी वाचायला घेतली आणि हातातल्या हेल्मेटवरचे नाव त्या यादीत कोठेच नव्हते. क्रमांक खरा, परवाना खरा, कारखानाही खरा. त्या कारखान्याशी या हेल्मेटचा संबंध असल्याची खूण मात्र नाही. दुसऱ्या दिवशी परत गेलो, तर दुकानदाराने "सर, चिन्ह आहे ना, मग झालं. आत काय आहे ते बनवणाऱ्याला विचारा," असे म्हणत हात झटकले. माझ्याजवळ कच्ची पावती होती, जिच्यावर दुकानाचे नावदेखील नव्हते.

त्या दुकानदाराचा समज अनेकांचा असतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. दुचाकीस्वारांच्या हेल्मेटसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये काढला आणि १ जून २०२१ पासून तो लागू झाला. त्यामुळे ब्यूरोच्या परवान्याखाली चिन्हांकित नसलेले हेल्मेट बनवणे जसे बेकायदा आहे, तसेच ते विकणे, विक्रीसाठी साठवणे आणि दुकानात टांगून ठेवणेही बेकायदा आहे. भारतीय मानक ब्यूरो अधिनियम २०१६ च्या कलम १७ मध्ये ही सारी क्रियापदे एकापाठोपाठ आलेली आहेत. कलम २९ मधील शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पहिल्या गुन्ह्यासाठी किमान २ लाख आणि पुढच्या प्रत्येक गुन्ह्यासाठी किमान ५ लाख रुपये दंड, जो मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो, किंवा दोन्ही, अशी आहे. नऊशे रुपयांच्या हेल्मेटवर शंभर-दोनशे रुपये सुटत असतील, त्यासाठी पत्करलेली ही जोखीम त्या दुकानदाराने कधी कागदावर मांडून पाहिली नसावी.

आता अ‍ॅपची खरी मर्यादा. सोन्यावरचा एचयूआयडी त्या एका दागिन्याचा असतो. माझ्या मुलीच्या कानातल्याचा क्रमांक दुसऱ्या कोणाच्या कानातल्याला दिला जात नाही. हेल्मेटवरचा क्रमांक कारखान्याच्या परवान्याचा असतो, म्हणून त्या कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक हेल्मेटवर तोच असतो, आणि बाजारात उघड दिसणारा हा क्रमांक कोणीही उतरवून आपल्या मालावर छापू शकतो. असा उसना क्रमांक अ‍ॅपमध्ये टाकला तर अ‍ॅप खोटे बोलत नाही. विचारलेल्या परवान्याविषयी खरी माहितीच देते. ती माहिती हातातल्या वस्तूला लागू पडते की नाही, हे ब्रँड, पत्ता आणि मानकाचा क्रमांक ताडून ज्याचे त्याने ठरवायचे असते. आमच्या बाबतीत बनावट करणाऱ्याने ब्रँडचे नावही उचलण्याचा आळस केला म्हणून बनावट उघडी पडली. त्याने नावही उचलले असते, तर आम्ही ते हेल्मेट आनंदाने वापरले असते. दहा ग्रॅमच्या दागिन्याला स्वतंत्र ओळख देणारी व्यवस्था डोक्यावरच्या कवचाला ती देत नाही, हे मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत अधिक खटकले.

ही उणीव भरून काढायची, तर सरकारला बाजारात उतरावेच लागते, आणि ते उतरतेही. ब्यूरोचे अधिकारी परवानाधारकाच्या कारखान्यातून नमुने घेतात, तसेच ते दुकानांतूनही घेऊन प्रयोगशाळेत तपासतात. तेथे आघात किती शोषला जातो, हनुवटीखालचा पट्टा ताण दिल्यावर टिकतो का, बाजूचे किती दिसते आणि हेल्मेट घातल्यावर आवाज पुरेसा ऐकू येतो का, हे पाहिले जाते. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, जून २०२५ मध्ये देशात १७६ उत्पादकांकडे हेल्मेटचे वैध परवाने होते. त्याआधीच्या आर्थिक वर्षात ५०० हून अधिक नमुने तपासले गेले आणि चिन्हाच्या गैरवापराबद्दल ३० हून अधिक ठिकाणी झडती व जप्ती झाली. दिल्लीतील एका कारवाईत नऊ उत्पादकांकडून २,५०० हून अधिक हेल्मेट जप्त झाली, आणि या नऊही जणांचे परवाने एकतर संपलेले होते किंवा रद्द झालेले होते. अ‍ॅपमध्ये मुदतीची तारीख वाचणे का महत्त्वाचे, ते यावरून कळते. त्याच माहितीत देशातील दुचाकींची संख्या २१ कोटींहून अधिक दिली आहे. २१ कोटी दुचाकी आणि ५०० नमुने हे दोन आकडे शेजारी ठेवले की, पारोळ्याच्या रस्त्यावरच्या दोरीपर्यंत कोणी अधिकारी कधी पोहोचेल, याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही, हे माझ्यासारख्या गणिताच्या शिक्षकाला तरी मान्य करावे लागते.

म्हणूनच अ‍ॅपमधील तक्रारीचा विभाग मला पडताळणीइतकाच मोलाचा वाटतो. मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून चिन्हाचा गैरवापर हा प्रकार निवडायचा, वस्तूचा व विक्रेत्याचा तपशील भरायचा आणि छायाचित्रे जोडायची. मी चिन्हाचे, क्रमांकाचे, पट्ट्याच्या शिवणीचे आणि त्या निनावी कच्च्या पावतीचे असे चार फोटो जोडले. तक्रार या आठवड्यातच नोंदवली असल्याने तिच्या निकालाविषयी आताच काही लिहिणे योग्य होणार नाही. पक्के बिल असते, तर विक्रेत्याचे नाव व वस्तू यांची गाठ कागदावरच पडली असती, एवढे मात्र फॉर्म भरताना पदोपदी जाणवले.

दुसऱ्या दुकानातला अनुभव चांगला होता. साडेबाराशेचे हेल्मेट दाखवताना त्या ताईंनी आपणहून ते उलटे करून क्रमांक समोर धरला, आणि मी अ‍ॅप उघडल्यावर "काका, ब्रँडचं नावपण बघा, खाली आहे," असे म्हणाल्या. परवाना चालू, ब्रँड यादीत, खोक्यावरचा पत्ता आणि अ‍ॅपमधला पत्ता एकच. आतला थर्माकोल कपाळापासून मानेपर्यंत सलग आणि अंगठ्याने दाबला तरी न खचणारा होता. वैशाखातल्या जळगावात कोणतेही हेल्मेट घाम काढतेच. यात निदान आतले कापड काढून धुता येते. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १२९ नुसार हेल्मेट विहित मानकाचे असावे लागते आणि ते नीट बांधलेलेही असावे लागते. पट्टा लोंबकळत ठेवून आकाशवाणी चौक ओलांडणाऱ्यांना त्या कलमाचा हा दुसरा भाग कोणीतरी सांगायला हवा.

अ‍ॅप हाताशी आहे म्हटल्यावर मी स्कूटरचा मागचा टायरही तपासायचे ठरवले. टायरसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश २००९ चा, म्हणजे हेल्मेटच्या आदेशापेक्षा बराच जुना आहे. दुचाकी व तीनचाकींच्या टायरचे मानक आयएस १५६२७. टायरवर चिन्ह आणि परवान्याचा क्रमांक रबरातच उठवलेला असतो, त्यामुळे तो कागदासारखा उपटता येत नाही. पण काळ्यावर काळे असल्याने वाचताही येत नाही. शिक्षकाच्या खिशात खडू असतोच. तो टायरच्या बाजूवर आडवा घासला की उठलेली अक्षरे पांढरी होऊन स्पष्ट दिसतात. त्यातच चार आकड्यांचा एक गट असतो, ज्याचे पहिले दोन आकडे उत्पादनाचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. दुकानदार जो टायर 'कालच आलेला' म्हणून दाखवत होता, त्यावर खडू घासल्यावर हाच आकडा निघाला. परवाना वैध होता, ब्रँड बरोबर होता, म्हणजे अ‍ॅपच्या परीक्षेत तो टायर उत्तीर्ण झाला. माल किती जुना आहे, हे सांगणे अ‍ॅपचे काम नाही आणि ते सांगतही नाही. आमच्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे पडून राहिलेले रबर मला नको होते. दुसरा टायर मागितला, तर त्याने मुकाट्याने आतून काढून दिला.

एका बाबतीत वाचकाची निराशा होईल, म्हणून ती आधीच सांगतो. रस्त्यावरच्या सुरक्षिततेची सगळीच साधने या अ‍ॅपच्या कक्षेत येत नाहीत. ट्रकला लावायची परावर्तक पट्टी एआयएस-०९० या वेगळ्या मानकानुसार असते, ते मानक मोटार वाहन नियमांच्या बाजूचे आहे आणि त्याची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-संशोधन संस्थांकडे असते. बीआयएस केअरमध्ये तो क्रमांक टाकून काही हाती लागत नाही. खऱ्या पट्टीवर मानकाचा उल्लेख छापलेला असतो, मागे लाल, बाजूंना पिवळी आणि पुढे पांढरी असा तिचा नियम असतो. केळीचे ट्रक आणि कपाशीच्या ट्रॉल्या रात्री चालतात त्या यावल-रावेरच्या रस्त्यांवर मात्र मीटरवर मिळणारी चमकी चिकटवलेली दिसते, जी दिवसा झगमगते आणि रात्री दिसेनाशी होते. बॅटरी डोळ्याजवळ धरून वीस-पंचवीस पावलांवरून प्रकाश टाकावा. खरी पट्टी पेटल्यासारखी दिसते, चमकी नुसती राखाडी राहते. यासाठी कोणतेही अ‍ॅप लागत नाही.

वाहनाचेही तसेच. नवे मॉडेल विक्रीला येण्याआधी त्याचा नमुना तपासून प्रकार-मान्यता घ्यावी लागते, आणि पुढे उत्पादन त्या नमुन्यासारखेच होते की नाही, हेही तपासले जाते. विकल्यानंतर सदोष निघालेले वाहन परत बोलावण्याची तरतूद मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ म्हणून आली आणि तिचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. वाहन सात वर्षांपेक्षा कमी वयाचे असावे लागते, तक्रार सरकारच्या 'वाहन' या पोर्टलवर करायची असते आणि सक्तीच्या परत-बोलावणीत कंपनीला १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हेल्मेटचा आदेश रस्ते वाहतूक मंत्रालयाचा, टायरचा आदेश उद्योग खात्याचा, चिन्ह ब्यूरोचे, वाहनाची तक्रार तिसऱ्याच संकेतस्थळावर, अशी ही वाटणी लक्षात ठेवण्यासाठी मी वहीच्या शेवटच्या पानावर चक्क तक्ता केला आहे.

ग्राहक संरक्षणाची आणखी एक बाजू आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या गाडीत सापडली. सीट बेल्ट न लावताच त्याचा पिपाणीसारखा आवाज बंद करणारे बकल त्यांनी ऑनलाइन घेऊन बसवले होते. या बकलांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ई-कॉमर्स कंपन्यांना आदेश दिले आणि १३,११८ जाहिराती संकेतस्थळांवरून उतरवायला लावल्या. बकल त्यांनी काढून टाकले की नाही, हे विचारण्याची हिंमत मला झाली नाही. स्टाफरूममधले संबंध टिकवायचे असतात.

पाचपैकी गुण द्यायचे, तर परवाना पडताळणीसाठी मी या अ‍ॅपला चार देईन, आणि प्रत्येक हेल्मेटला स्वतंत्र क्रमांक मिळेपर्यंत पाचवा राखून ठेवीन. वापरणाऱ्याने दुकानातच, पैसे देण्याआधी, परवान्याची स्थिती, मुदत आणि ब्रँड ही तिन्ही वाचावीत, आणि पक्के बिल घ्यावे. साडेबाराशेच्या हेल्मेटचे बिल सौभाग्यवतींनी कानातल्याच्या बिलाबरोबर एकाच पाकिटात घालून कपाटात ठेवले आहे. टायरवाल्याने तेवढा माझा खडू मागून घेतला; बहुधा गिऱ्हाइकाआधी स्वतःच शेडमधला माल वाचून पाहण्याचा त्याचा विचार असावा.